विहिरीत शिकलेला दम

उजूनं कानातली काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग घड्याळ. मग मंगळसूत्र रुमालात गुंडाळून दिलं आणि म्हणाली, "अक्का, हे सांभाळ. मी तासाभरात येते. तू आणि आप्पा तिथं सावलीत बसा, शहाळं प्या."

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता आणि त्याच्या मागच्या बाजूला, खडकांपाशी, बोटीतून नेऊन माणसांना पाण्याखाली उतरवत होते. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि खाली जाऊन मासे बघायचे. उजू हे अंदमानला करून आली होती. कोल्हापूरहून गाडी निघाल्यापासून तिच्या तोंडात दुसरा विषय नव्हता.

उजू माझी धाकटी बहीण. तिला पुण्यात दिली. मला गावातच दिली, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. दिली असं म्हणायचं, पण सुटका काही झाली नाही. आई गेल्यावर आप्पांचं जेवण, गोळ्या, दवाखाना, त्यांच्या म्हशीची धार, सगळं माझ्याकडंच. उजू वर्षातून दोनदा यायची. एकदा तिनं आप्पांना स्वेटर आणला, तर आप्पा तो घालून मे महिन्यात गावभर हिंडले. माझी भाकरी ते दोन वेळा खायचे. पण भाकरी घेऊन गावभर दाखवत कोण हिंडतं?

"मला इचारलंस काय?" मी म्हणाले.

"काय विचारायचं?"

"मला जायाचं हाय का न्हाई ते."

उजू हसली. तिचं हसणं फार गोड आहे असं सगळे म्हणतात. "तुला? अगं, मग आप्पांजवळ कोण बसणार?"

ती हे मुद्दाम लागेल असं बोलली नव्हती. अगदी सहज बोलली, पाणी कुठं ठेवलंय विचारावं तसं. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"तू बस," मी म्हणाले. "तू केलंयस न्हवं अंदमानला. आज मी जाते."

"आप्पा, बघा अक्का काय म्हणते."

हे वाक्य मी उजूला वाचा फुटल्यापासून ऐकत आले आहे. त्यानंतर काय होतं तेही मला पाठ होतं. आप्पा म्हणायचे, जाऊ दे शालन, ल्हान हाय ती. या वेळी ल्हान असलेली ती बाई चाळिशी ओलांडून दोन लेकरांची आई झाली होती, पण म्हणून काही बिघडणार नव्हतं.

आप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. टोपी मांडीवर, पाय वाळूत. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, कारण मनात माझा हिशेब चालला होता. किनाऱ्यावर थांबले, तर एक तास आप्पा माझ्या एकटीच्या वाट्याला येतील. पण येतील म्हणजे काय? माझ्या शेजारी बसून ते तासभर समुद्राकडे बघतील, बोट कुठं दिसतेय का म्हणून. शहाळ्याची नळी मी त्यांच्या तोंडाशी धरायची आणि त्यांचे डोळे उजूच्या मागे. हे मला नको होतं. गेले, तर निदान बोटीतली माणसं दोन झाली असती. उजू एकटी राहिली नसती त्यांच्या डोळ्यांत.

"भांडू नगासा," आप्पा म्हणाले. "मी बी येतो बोटीत. नुस्ता बसतो. दोघी बी उतरा जावा."

लवू म्हणून एक पोरगेलासा गडी आम्हाला घेऊन जाणार होता. काळा, सडपातळ, केस मिठानं राठ झालेले. त्यानं आप्पांकडे नीट बघितलं. "आजोबांका काय त्रास असा?"

मी ऑपरेशनचं सांगितलं.

"मग पाण्यात उतरूक जमाचा नाय. बोटीत बसान ऱ्हवा, पण जाकीट घालूक होया."

आप्पांनी नारिंगी जाकीट घातलं आणि उजूनं त्यांचा फोटो काढला. उजूनं दिलेलं सगळं मी आप्पांच्या खिशात ठेवलं, आणि मला तिथल्या बाईनं आत खोलीत नेऊन एक रबरी पोशाख दिला. तो अंगात जाताना मी आणि ती बाई, दोघींना घाम फुटला. बाहेर आले तर उजू तोंडावर हात ठेवून उभी होती.

"हस की," मी म्हणाले. "कशाला दाबतीस?"

बोट निघाली. आमच्याखेरीज तिच्यात लवू, त्याचा भाऊ आणि बोट चालवणारा म्हातारा, एवढेच होते. किल्ल्याला वळसा घालून आम्ही मागच्या बाजूला आलो आणि नांगर टाकला. पाणी हिरवं होतं, हलत होतं.

लवूनं विचारलं, "पोहूक कोणाक येता?"

आप्पा एकदम सरसावून बसले. "आता ही इचारायची गोष्ट झाली व्हय? ही माझी धाकटी. हिला म्या आमच्या विहिरीत पवाय शिकवलं. पाठीला वाळका भोपळा बांधून. ही काठावर रडायची, मी खाली पाण्यात हुबा. म्हणायचो, ये उजा, मी हाय. मग मारायची उडी माझ्या अंगावर." ते हसले. "पर एकदा शिकली आणि जी काय पवायला लागली! तळाची माती मुठीत घिऊन वर यायची पोरगी. गावातल्या समद्या पोरी हिचं बघून शिकल्या."

उजू लाजली आणि म्हणाली, "पुरे हो आप्पा."

तळाची माती मी आणायचे. उजू कधी विहिरीच्या तळाला गेली नाही. अर्ध्यातून वर यायची आणि कान दुखला म्हणायची. गावातल्या पोरी माझं बघून शिकल्या, त्यातल्या कितीतरी जणींच्या कमरेला मी माझ्या हातानं दोर बांधलाय. आणि मला शिकवताना आप्पा खाली पाण्यात उभे नव्हते. भोपळाही नव्हता. मला त्यांनी काठावरून ढकललं आणि ते विडी पेटवून बसले. मी गटांगळ्या खाऊन कशीबशी पायरी धरली, तर म्हणाले, आली न्हवं? आता परत मार.

हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण उजूचं ते लाजणं बघितलं. तिनं एकदाही म्हटलं नाही की आप्पा, ती मी नव्हे, ती अक्का. तिलाही बहुतेक खरंच वाटायला लागलं होतं की ती माती तिनंच आणली.

"आणि ताई, तुमका?" लवूनं मला विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय?" उजू म्हणाली.

"मला पवाय येत न्हाई. मला भ्या वाटतं पाण्याचं."

उजू मोठ्यानं हसली. "अक्का, काय बोलतेयस? आप्पा, सांगा की यांना."

मी आप्पांकडे बघितलं. खरं सांगते, त्यांनी त्या वेळी नुसतं एवढं म्हणायला हवं होतं की हिच्यासारखी पोहणारी पंचक्रोशीत नव्हती. मग मी हसले असते, थट्टा केली म्हणाले असते आणि तिथंच सगळं मिटलं असतं. आप्पांनी किल्ल्याच्या भिंतीकडे बघितलं, जाकिटाचा पट्टा ओढला आणि म्हणाले, "न्हाई येत म्हणती, तर न्हाई येत."

म्हणजे विसरले. मी पोहत होते हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. ती माती उजूची झाली होती आणि मी आयुष्यभर काठावर उभी राहून टॉवेल धरणारी बाई झाले होते. मला इतका मत्सर वाटला की तोंड कडू झालं. उजूचा नुसता राग येत असता तर बरं, पण मला उजू व्हायचं होतं, आणि हे वयात आलेली मुलं असलेल्या बाईला कुणाजवळ सांगता येतं?

लवू मात्र माझ्याशी एकदम वेगळा वागायला लागला. उजूला त्याचा भाऊ घेऊन गेला, दोन शब्द बोलला आणि ती सरळ पाण्यात उतरली. माझ्याजवळ लवू बसून राहिला. नळी दाताखाली कशी धरायची, नाक बंद म्हणून घाबरायचं नाही, तोंडानं हवा घ्यायची आणि तोंडानंच सोडायची. दोनदा, तीनदा समजावलं. मग शिडीवरून उतरताना त्यानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "भियाव नको. मी सोडूचंय नाय."

लहानपणापासून पाण्यात असा हात मला कुणी दिला नव्हता. मी तो धरला. मला पोहायला येतं हे त्या हाताला कळू नये म्हणून पाय मुद्दाम लुळे सोडले.

आधी वरच, शिडीपाशी, मी त्यानं सांगितलं तसा श्वास घेतला. ठीक आहे, अशी खूण केली. आम्ही दोराला धरून खाली निघालो आणि डोक्यावरून पाणी गेलं. तिथं माझ्या शरीरानं माझं ऐकलं नाही. पाणी डोक्यावरून गेलं की छाती भरून दम धरायचा आणि मातीला हात लागेपर्यंत सोडायचा नाही, हे त्या विहिरीनं माझ्यात भरलेलं. आप्पा काठावरून ओरडायचे, दम सोडू नगंस, दम सुटला की माणूस गेला. तोंडात हवेची नळी होती, पाठीवर टाकीभर हवा होती, आणि मी दात आवळून, दम कोंडून खाली निघाले होते. मी ते मुद्दाम करत नव्हते. मला कळतही नव्हतं.

लवूला कळलं. त्यानं माझा चेहरा धरून स्वतःकडे वळवला, बोटांनी तोंडापासून वर वर अशी खूण केली, सोडा, सोडा. मी डोळे वटारले असणार. त्यानं माझ्या छातीवर हाताचा पंजा ठेवून दाबला, तेव्हा कुठं हवा सुटली. मग त्यानं मला हळूहळू वर आणलं, आणि वर येईपर्यंत सारखी तीच खूण करत राहिला.

डोकं पाण्याबाहेर आलं. मी शिडी धरली, तोंडातली नळी काढली. लवू रागावला होता.

"ताईनु, तुमी दम धरून ऱ्हवतास. हय तसा करूचा नाय. वर येताना दम कोंडलास तर छाती फुटात."

मी वर बघितलं. आप्पा बोटीच्या कडेवरून वाकले होते. टोपी कुठंतरी पडली होती. त्यांचे दोन्ही हात कडेवर होते. मी ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरसुद्धा त्यांना इतकं भ्यालेलं बघितलं नव्हतं.

"बुडबुडं येईनात," ते म्हणाले. "उजीचं येत हुतं. तुझं येईनात."

"आले न्हवं वर," मी म्हणाले.

"दम धरलावतास."

"तुम्हीच शिकवलंय."

लवू बाजूला होऊन टाकीचा काटा बघत राहिला. त्याला बहुतेक अशी घरगुती भांडणं ऐकायची सवय होती.

"लबाड का बोललीस?" आप्पांनी विचारलं. "पवाय येत न्हाई म्हणालीस ते."

मी चमकले. "तुमच्या ध्यानात हाय?"

"तुला काय मी याडा वाटलो? तळाची माती कोण आणायचं ते मला ठावं न्हाई?"

"मग मघाशी उजूचं नाव का सांगितलंत?"

"तिला बरं वाटतं."

"आणि मला?"

आप्पांनी तोंड पुसलं. "तुला काय सांगायला लागतंय व्हय? तू न्हाई म्हणालीस, मी बी न्हाई म्हणालो. तुझ्या बाजूनंच बोललो की."

बोट हलत होती आणि मी शिडीला धरून वरखाली होत होते. पाण्यात असल्यामुळे असेल, तोंडातून शब्द सुटले. घरी, चुलीपुढं, मी ते कधी बोलले नसते. "मला कुणीतरी धरून न्यावं वाटलं, आप्पा. म्हणून लबाड बोलले. तिच्यासाठी तुम्ही पाण्यात हुबं ऱ्हायचा. मला नुसतं ढकललंत."

"तू बुडणार न्हाईस हे मला म्हाईत हुतं."

"मला म्हाईत नव्हतं."

मग ते असं काही बोलले की मला वाटतं त्यांनी ते आधी कधी स्वतःशीसुद्धा बोललेलं नसेल. आप्पा मन राखायला लबाड बोलत, पण असं कोंडीत धरलं की खरंच बोलत.

"उजी मला आवडती," ते म्हणाले. "पहिल्यापास्नं आवडती. ते काय मी करत न्हाई, हाय तसं. पर तुझ्याबिगर माझं चालत न्हाई, शालन. एक दिस चालत न्हाई."

दुसरी कुणी असती तर एवढ्यावर तिचे डोळे भरले असते. माझं टाळकं उठलं.

"चालायला काय, म्हशीबिगर बी तुमचं चालत न्हाई," मी म्हणाले. "मला तुमचं चालवायचं नव्हतं. मला आवडायचं हुतं."

लवूनं मान दुसरीकडं वळवली. बोट चालवणारा म्हातारा विडी विझवून लांब बघायला लागला. आप्पांनी हात खाली घातला, मला वाटलं वर ओढून घेणार, पण त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि ओल्या केसांवरच राहिला. बोलले मात्र लवूशीच.

"ये पोरा. हिला परत खाली ने. आणि आता दम धरू दिऊ नगंस."

"उतरतलास परत?" लवूनं मला विचारलं.

मी नळी तोंडात घातली.

दुसऱ्या वेळी मी श्वास घेतला. घेतला आणि सोडला, घेतला आणि सोडला. कानाशी खळखळ आवाज करत बुडबुडे वर जात होते. पहिले काही श्वास जड गेले, मग छातीनं हट्ट सोडला. विहिरीत मी तळाला जायचे ती घाईघाईत, माती उचलायची आणि सुटायचं. तळाशी थांबता येतं हे मला माहीतच नव्हतं. खडकावर काटेरी गोळे होते, पिवळे पट्टे असलेले मासे होते, आणि पलीकडे उजू माशांच्या घोळक्यात कॅमेऱ्यापुढे हात पसरून होती. सुरेख दिसत होती. पाण्याखालीही ती सुरेखच दिसायची. तिनं मला बघून हात हलवला आणि मीही हलवला. लवूनं माझा हात सोडला नव्हता. मी सोडवूनही घेतला नाही.

आम्ही दोघी एकदमच वर आलो. उजू आधी शिडी चढली. केसातून पाणी गळत होतं, डोळे चमकत होते. मी मागून चढून टाकी उतरवून घेतली आणि आप्पांच्या शेजारी फळीवर बसले. जी जागा आधी दिसली तिथं बसले.

"आप्पा, मी वरून दिसत होते का?" उजूनं विचारलं. "माझे बुडबुडे दिसले?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. ते विचारात पडले आहेत असं काही वाटलं नाही. त्यांना खोटं बोलायचं सुचलं नाही, एवढंच.

"तुझं कुठलं," ते म्हणाले. "मी हिचंच मोजत हुतो. मधीच थांबलं तर काय, म्हणून नजर हलिवली न्हाई."

उजू टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही लख्ख दिसतो. ओठ हसत होते आणि बाकीचा चेहरा हसायचा विसरला होता. तो चेहरा मला नवा नव्हता, आतून ओळखीचा होता. अशा वेळी थोरलीनं काहीतरी बोलायचं असतं. आप्पांना दिसतंय कुठं, असं काही म्हणून हसवायचं, धाकटीला जवळ ओढायचं. आमच्या घरात ते काम माझं होतं आणि मी ते कधी चुकवलं नव्हतं.

बोट चालू झाली, वाऱ्यानं थंडी वाजायला लागली. आप्पा आता नाहीत. उजूचं आणि माझं बरं आहे, दिवाळीला येते, फोन करते. पण मालवणचं नाव निघालं की ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि मला ते आवडतं. का आवडतं ते तिलाही माहीत आहे.

त्या दिवशी त्या फळीवर तीन माणसं बसतील एवढी जागा होती. एका कडेला आप्पा, दुसऱ्या कडेला बोटीचं लाकूड, आणि मधे मी ऐसपैस बसलेली. उजू टॉवेल गुंडाळून माझ्यापुढे आली. पुण्याचं बोलणं तिच्या तोंडातून गेलं होतं.

"अक्के, जरा सरक की गं," ती म्हणाली. "मला बी आप्पांजवळ बसू दे."

मी सरकले नाही.